टॉवेलच्या हत्तीखालचा कागद : घड्याळबदलाच्या आठवड्यातल्या एका क्रूझ सहलीचं प्रकरण

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार. सकाळचे ११ वाजून ५२ मिनिटं झाली होती. सोलापुरात नव्या पेठेतल्या ऑफिसात मी दिवाळीनंतरचा पसारा आवरत होतो, आणि फोनवर दोन शब्द आले : 'बस गेली.' पाठवणारा तुर्कस्तानातल्या कुशादासी बंदरात उभा होता, सोबत घरची आठ माणसं. दुसऱ्या दिवशी याच मंडळींची बोटसुद्धा जाता जाता राहिली. दोन्ही वेळा भानगड एका तासाची होती. पण चुका दोन वेगळ्या होत्या, आणि दुसरी चूक झाली ती पहिलीतून घेतलेल्या धड्यामुळे. सहली बुक करून देण्याचा धंदा मी बरीच वर्षं करतोय, पण असं प्रकरण हातात आलं नव्हतं. शिवाय यात माझा स्वतःचा वाटाही आहे, तो पुढे येईलच.

घरच्यांची परवानगी घेतली आहे. नावं गाळली आहेत, बोटीच्या कंपनीचंही. वेळा मात्र पक्क्या आहेत, कारण त्यांचे सगळे मेसेज माझ्या फोनवर सोलापूरच्या वेळेने पडलेले आहेत. त्यांच्या फोनांतल्या फोटोंवरच्या वेळा जुळवायला गेलो तेव्हा डोकं गरगरलं. एकाच जेवणाच्या टेबलाचे दोन फोटो, दोन फोनांतले, आणि मध्ये एक तासाचं अंतर.

मंडळी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यांचा टेरी टॉवेलचा कारखाना. घरात काकू, वय ७२. त्यांचे दोन मुलगे, थोरले अण्णा आणि धाकटे भाऊ. दोन सुना, चार नातवंडं. थोरला नातू पंचविशीचा, निर्यातीचं काम तोच बघतो. हॅम्बर्गच्या गिऱ्हाइकाशी त्याचं आठवड्यातून तीनदा तरी बोलणं होतं. हे लक्षात ठेवा, कारण युरोपात घड्याळं मागेपुढे होतात ही गोष्ट या घरात पक्की ठाऊक होती. अडाण्यांचं प्रकरण नव्हे हे.

कारखाना दिवाळीत बंद असतो, तेवढेच दिवस मोकळे. भाऊबीज गुरुवारी, २३ ऑक्टोबरला. शुक्रवारी मुंबईहून विमान, शनिवारी दुपारी अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरात बोटीवर चढायचं. रविवारी कुशादासी, सोमवारी ऱ्होड्स, मंगळवारी मार्मारिस, बुधवारी सकाळी परत पिरेयस. म्हणजे ग्रीस, तुर्कस्तान, ग्रीस, तुर्कस्तान, ग्रीस. व्हिसा काढतानाच मी बजावलं होतं की शेंगेन व्हिसा (ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो तो) एकाहून जास्त प्रवेशांचा हवा, कारण मध्ये दोनदा युरोपाबाहेर पाऊल पडणार. तेवढी अक्कल चालवली. घड्याळाचं काय, हा प्रश्न मात्र तेव्हा डोक्यात आला नाही.

आला तो शुक्रवारी रात्री, आणि मी त्यांच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला : 'रविवारी पहाटे युरोपात घड्याळ एक तास मागे जाईल, लक्षात ठेवा.'

मेसेजातला शब्द न् शब्द खरा होता. घोटाळ्याची सुरुवातही तिथूनच झाली.

आधी हिशोब

युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. बदल सगळीकडे एकाच क्षणी होतो, ग्रीनिच वेळेप्रमाणे मध्यरात्रीनंतर एक वाजता. ग्रीसमध्ये तेव्हा पहाटेचे चार झालेले असतात. चाराचे तीन करायचे. हा खेळ बंद करावा म्हणून युरोपात २०१८ मध्ये लोकांची मतं मागवली. ४६ लाख उत्तरं आली, त्यांतली ८४ टक्के बंद करा म्हणणारी. २०१९ मध्ये युरोपीय संसदेनेही तसं मत दिलं. पुढे देशांचं आपसात काही ठरलं नाही आणि घड्याळं आहेत तशीच हलत राहिली.

तुर्कस्तानने मात्र २०१६ मध्ये घड्याळ हलवणंच सोडून दिलं. उन्हाळ्याची वेळ तीच बारमाही. आपल्यापेक्षा अडीच तास मागे, उन्हाळा असो की हिवाळा. ग्रीस उन्हाळ्यात आपल्यापेक्षा अडीच तास मागे, हिवाळ्यात साडेतीन. म्हणजे मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर ग्रीस आणि तुर्कस्तानच्या मधल्या एजियन समुद्राच्या दोन्ही काठांवर एकच वेळ असते. उरलेले पाच महिने एका तासाचा फरक. हीच सहल दोन आठवडे आधी झाली असती तर लिहिण्यासारखं काहीच घडलं नसतं.

आणखी एक गंमत, जी मी नंतर नकाशा उघडून पाहिली. पूर्वेला गेलं की घड्याळ पुढे, हे आपण शाळेत शिकलो. ऱ्होड्स हे कुशादासीच्या पूर्वेला आहे. तरी हिवाळ्यात ऱ्होड्सचं घड्याळ कुशादासीच्या एक तास मागे. कारण तिथली वेळ सूर्य ठरवत नाही, अथेन्सचं सरकार ठरवतं. मार्मारिस तर ऱ्होड्सच्या जवळजवळ सरळ उत्तरेला, मध्ये पन्नासेक किलोमीटरची खाडी. एवढं पाणी ओलांडलं की एक तास पुढे.

आपल्याला हे अंगवळणी पडलेलं नाही, त्यात आपला दोष नाही. सोलापूरचा सूर्य प्रमाणवेळेपेक्षा साधारण २६ मिनिटं मागे चालतो आणि आपल्याला त्याची दादही नसते. भारतात घड्याळ एक तास पुढे केलं गेलं ते दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत. त्याआधी आणि नंतरही, १९५५ पर्यंत, मुंबई आपली वेगळी वेळ बाळगून होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. एका शहरात दोन वेळा असण्याची सवय आपल्या आजोबा-पणजोबांना असेल, आपल्याला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा तुकडा. बोटीवर तिसरीच वेळ असते. तिला बोटीची वेळ म्हणतात आणि ती कप्तान ठरवतो. बंदर ज्या देशाचं, त्याची वेळ बोटीने पाळलीच पाहिजे असं बंधन नाही. या बोटीने स्थानिक वेळ पाळायची ठरवली असती तर चार रात्रींत घड्याळ तीनदा हलवावं लागलं असतं : ऱ्होड्ससाठी मागे, मार्मारिससाठी पुढे, पिरेयससाठी पुन्हा मागे. स्वयंपाकघर, इंजिनरूमच्या पाळ्या, बंदरावर ठरलेले पायलट (बोटीला बंदरात आत-बाहेर नेणारे वाटाडे), सहलीच्या बसगाड्या, सगळ्यांची वेळापत्रकं दर रात्री फिरवायची. कप्तानाने सरळ ठरवलं की शनिवारी जी वेळ आहे तीच मंगळवार रात्रीपर्यंत, आणि शेवटच्या रात्री एकदाच एक तास मागे. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

आणि हे त्यांनी लपवलंही नव्हतं. शनिवारी संध्याकाळी प्रत्येक केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद ठेवला होता. त्यात चौकटीत छापलं होतं की आज रात्री घड्याळं बदलू नका.

शनिवार रात्र

तो कागद कुठे होता, तर हत्तीखाली.

क्रूझवर केबिन आवरणारी पोरं टॉवेलच्या घड्या घालून त्यांचे हंस, माकडं, हत्ती करून पलंगावर ठेवतात. जेवून परत आलेल्या आमच्या मंडळींना प्रत्येक खोलीत एकेक टॉवेलचा हत्ती दिसला. आता टॉवेलवाल्यांच्या घरात हत्ती आला म्हटल्यावर काय होणार! अण्णांनी तो तिथल्या तिथे सोडला. किनार पाहिली, लूप बोटाने ओढून पाहिले, हातावर तोलून वजन सांगितलं, आणि भावाला शेजारच्या खोलीतून हाक मारली. त्या खोलीतला हत्तीही सुटला. माल कुठला असेल यावर अर्धा तास चर्चा झाली. कागद उचलून टेबलावर गेला आणि त्याच्यावर पाकीटबंद शेंगाचटणी बसली.

थोरल्या नातवाने झोपण्यापूर्वी सगळ्या खोल्यांत फिरून सांगितलं की आज युरोपात वेळ बदलतेय, मनगटी घड्याळं एक तास मागे करून झोपा. माझ्या मेसेजचा हवालाही दिला. काकू सोडून सगळ्यांनी ऐकलं. काकूंनी त्यांचं घड्याळ मुंबईत विमानात बसतानाही बदललं नव्हतं, तेव्हाही बदललं नाही. "माझ्या गोळ्या सोलापूरच्या टायमावर हायेत. त्याला हात लावायचा न्हाई," एवढंच त्यांचं म्हणणं. कुणी आग्रह केला नाही. म्हातारीचा हट्ट म्हणून सोडून दिलं.

फोन सगळ्यांचे फ्लाइट मोडवर होते, समुद्रावरचं रोमिंग महाग पडतं म्हणून. पण त्यांच्यात शेवटची नोंद अथेन्सच्या वेळेची होती, आणि अथेन्सची घड्याळं कधी हलतात हे फोनला नेटवर्कशिवायही माहीत असतं. पहाटे चार वाजता सगळे फोन गुपचूप तीनवर आले.

सकाळी उठून नातवाने मनगट आणि फोन जुळवून पाहिले. दोन्ही एकच सांगत होते. त्याला वाटलं, खात्री झाली. खरं तर मनगटही त्याच गैरसमजाने हललेलं आणि फोनही. एकाच बातमीच्या दोन प्रती जुळल्या, एवढंच.

रविवार, कुशादासी

इफेससची सहल बोटीकडूनच घेतली होती. प्राचीन शहर, सेल्ससच्या ग्रंथालयाची ती प्रसिद्ध दुमजली दर्शनी भिंत, आर्टेमिसच्या देवळाचा उरलेला खांब, सगळं अर्ध्या दिवसात. सव्वाआठला बोटीच्या थिएटरात जमायचं होतं.

ही मंडळी पोचली त्यांच्या घड्याळात आठ वाजून दहा मिनिटांनी, पाच मिनिटं आधीच. बोटीच्या घड्याळात नऊ दहा झाले होते. नाश्त्याच्या हॉलमध्ये पोहोचले तेव्हाच तिथले लोक भांडी उचलायला लागले होते, पण 'लवकर आवरतात वाटतं' असं म्हणून कुणी तिकडे लक्ष दिलं नाही. थिएटरात झाडलोट चालली होती. बस जाऊन अर्धा तास झाला होता. नऊ जणांचे पैसे बुडाले. वेळेवर न आल्यास परतावा नाही, हे तिकिटावर असतंच आणि त्यावर मला भांडता आलं नाही.

तेव्हा आला तो दोन शब्दांचा मेसेज.

मग मंडळी पायी उतरून बाजारात गेली. तुर्कस्तान टॉवेलच्या धंद्यातला मोठा भिडू, तिथलं देनिझ्ली शहर त्यासाठीच नावाजलेलं. अण्णा आणि भाऊ तीन तास दुकानांतून फिरले, नमुने म्हणून अकरा टॉवेल घेतले. ग्रंथालयाच्या भिंतीपेक्षा त्यांना हेच आवडलं असावं असा माझा संशय आहे, पण सुनांसमोर तसं बोलायची सोय नाही.

या प्रकरणाचा खरा कणा बाजारातच तयार झाला. किनाऱ्यावर उतरल्यावर नातवाने फोनचं नेटवर्क चालू केलं, आणि फोन एकदम एक तास पुढे गेला. फोनने तुर्कस्तानची वेळ घेतली होती. ती बोटीच्या वेळेशी तंतोतंत जुळत होती. नातवाने निष्कर्ष काढला : फ्लाइट मोडमुळे फोन फसला, नेटवर्क मिळालं की फोन खरं सांगतो. सगळ्यांना सांगितलं, यापुढे बंदरात उतरलं की आधी नेटवर्क चालू करायचं आणि फोन म्हणेल ती वेळ धरायची. मनगटी घड्याळंही पुन्हा एक तास पुढे झाली.

निष्कर्ष चुकीचा होता, पण त्या दिवशी तो बरोबर ठरत होता. फोन दाखवत होता तुर्कस्तानची वेळ. बोट चालत होती शनिवारच्या जुन्या ग्रीक वेळेवर. त्या रविवारी दोन्हींचे आकडे एक होते, निव्वळ योगायोगाने. फोनला बोटीबद्दल काहीही ठाऊक नव्हतं.

सोमवार, ऱ्होड्स

बोट किल्ल्याच्या तटाला लागूनच उभी राहते. सकाळी उतरताना शिडीपाशी फळा होता : सगळ्यांनी साडेचारपर्यंत परत यायचं, बोट पाचला सुटणार. खाली बारीक अक्षरांत 'बोटीची वेळ' असं. नातीने त्या फळ्याचा फोटो काढला, ती सगळ्याच गोष्टींचे काढते. काकूंनी तिला विचारलं, "साडेचार म्हंजी माझ्या घड्याळात किती गं?" फोन अजून फ्लाइट मोडवर, म्हणजे कालच्या तुर्की वेळेवर होता, आणि फरक कालचाच अडीच तासांचा. नात म्हणाली, "सात, आज्जी." काकूंनी मान डोलावली.

मग सगळे उतरले, नेटवर्क चालू केलं, आणि फोन ग्रीसच्या हिवाळी वेळेवर आले, एक तास मागे. कालच्या नियमाप्रमाणे मनगटी घड्याळंही मागे झाली. दोन टॅक्सी दिवसभरासाठी ठरवून मंडळी लिंडोसला गेली. हे गाव ऱ्होड्स शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर. टेकडीवर प्राचीन गड, खाली पांढरी घरं, वर जायला पायऱ्या आणि गाढवं. काकू खाली चौकात धाकट्या सुनेबरोबर बसून राहिल्या.

बेत असा होता : सव्वातीनला लिंडोस सोडायचं, सव्वाचारला बंदरावर, पंधरा मिनिटं हातात ठेवून. फोनच्या वेळेने हा बेत चोख होता. बोटीच्या वेळेने ते सव्वापाचला पोहोचले असते, म्हणजे बोट सुटून पंधरा मिनिटं झाल्यावर.

अडीचला सगळे जेवत होते. हॉटेलच्या भिंतीवरचं घड्याळ अडीच दाखवत होतं, फोन अडीच दाखवत होते, दोन्ही टॅक्सीवाले अडीच म्हणत होते. काकूंच्या मनगटावर सहा वाजले होते. त्या म्हणाल्या, "उठा आता. सातला बोटीवर पायजे."

नातवाने समजावलं. त्याचं समजावणं मला त्याने जसंच्या तसं सांगितलंय, आणि खरं सांगायचं तर त्यात हिशोबाची एकही चूक नाही. ग्रीसची वेळ काल बदलली, आता फरक साडेतीन तासांचा आहे, म्हणून इथले साडेचार म्हणजे तुझे आठ. अजून दोन तास आहेत, आज्जी. ग्रीसपुरतं हे शंभर टक्के बरोबर.

काकू म्हणाल्या, "मला ग्रीसचं काय करायचंय? बोट कुठं त्यांची हाय? काल रात्री बी जेवायची घंटा माझ्या नऊला झाली, परवा बी नऊलाच. बोटीनं टाइम बदलला असता तर दहाला व्हायला पायजे हुती."

टेबलावर कुणी बोललं नाही म्हणे. मग नातीने फळ्याचा फोटो उघडला, बोटांनी मोठा केला, आणि 'बोटीची वेळ' ही अक्षरं सापडली. त्यांच्याकडे दोन पुरावे झाले, फळ्यावरचा शब्द आणि जेवणाची घंटा. एकाने दुसऱ्याचा अर्थ लागला. तरीही बिल, पाणी, धाकट्याची चप्पल, असं करता करता निघायला त्यांच्या घड्याळात तीनला दहा कमी झाले.

बंदरावर पोहोचले ते बोटीच्या वेळेने पावणेपाचला. साडेचारची हद्द उलटून गेली होती. शिडी अजून लावलेली होती आणि दोन कर्मचारी यादी हातात घेऊन उभे होते. यादीत न आलेल्यांची नावं, त्यात ही सलग नऊ. पंधरा मिनिटांनी बोट सुटली.

बोट सुटली असती तर? बोटीनेच नेलेली सहल असेल तर बोट तिची वाट बघते. आपल्या आपण गेलेल्यांची बघत नाही. पायलट ठरलेला असतो, धक्का दुसऱ्याला द्यायचा असतो. नऊ माणसांना समुद्र ओलांडून, दुसऱ्या देशातल्या मार्मारिसला, पदरचे पैसे घालून जावं लागलं असतं. सामान बोटीवर, गोळ्याही बोटीवर.

कुणाचं काय चुकलं

नातू अजूनही बोटीला दोष देतो. त्याचं म्हणणं, जगातलं प्रत्येक घड्याळ त्या बंदरात एक वेळ सांगतंय आणि ही एकटी बोट दुसरी. मला ते पटत नाही. फळ्यावर 'आज बंदरातली वेळ आपल्यापेक्षा एक तास मागे' असं मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं, एवढं मात्र मीही म्हणेन. बारीक अक्षरांत 'बोटीची वेळ' लिहून भागत नाही. ज्याला दोन वेळा आहेत हेच माहीत नाही, त्याला त्या दोन शब्दांनी काय कळणार?

नातवाची चूक मला वेगळी वाटते. रविवारी सकाळी झालेली चूक माफ करण्यासारखी होती. बाजारातली नव्हती. बस का गेली, हे त्याने बोटीवर कुणालाच विचारलं नाही. फोन आणि बोट जुळले, तेवढ्यावर त्याने कारण ठरवून टाकलं. स्वागतकक्षात एक प्रश्न विचारला असता, 'तुमची वेळ कुठली आणि कधी बदलणार?', तर सोमवार टळला असता. पण बस चुकलेल्या माणसाला काउंटरवर जाऊन आपलं घड्याळ चुकलं हे सांगायला लाज वाटते. हे मी धंद्यात पुष्कळ पाहिलंय.

माझी चूक सगळ्यात आधीची. 'युरोपात घड्याळ मागे जाईल' हे मी लिहिलं. ते कुठे जाणार नाही, हे लिहिलं नाही. रविवारी ही माणसं तुर्कस्तानात असणार हे माझ्याच हाताने टाइप केलेल्या कागदावर होतं. मी मेसेज पाठवला तो काळजीने, पण डोळ्यांसमोर नकाशा न ठेवता. काही न पाठवता गप्प बसलो असतो तर कदाचित त्यांनी तो हत्तीखालचा कागद तरी वाचला असता.

काकूंचं कौतुक सगळेच करतात, पण त्यांनी काही चमत्कार केला नाही. भारताचं घड्याळ हलत नाही, म्हणून त्यांच्या मनगटावर एक न हलणारं माप होतं. बोटीची घंटा त्या त्याच्याशी ताडून बघत होत्या. त्यांचं सगळं लहानपण गिरणीच्या भोंग्यावर गेलं. भोंगा झाला की डबा तयार पाहिजे. घरातलं घड्याळ काय म्हणतंय याला किंमत नसायची. बोट म्हणजे त्यांना दुसरी गिरणीच वाटली असणार.

बाकीच्या समुद्रांवर

माझी आधीची क्रूझची गिऱ्हाइकं मुंबईहून गोवा-लक्षद्वीप करणारी किंवा सिंगापूरहून फिरणारी. तिथे घड्याळबदल नाहीच. सिंगापूरची बोट थायलंडला गेली की एक तासाचा फरक असतो, पण तो बारा महिने तोच, म्हणून सवयीचा. दुबईकडेही हलवाहलव नाही. त्यामुळे मी बेसावध राहिलो.

आता बघतो तर कॅरिबियन जास्त किचकट. अमेरिकेचा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, युरोपच्या तारखांहून वेगळा. मायामीचं घड्याळ हलतं, बहामाचंही हलतं. जमैका आणि केमन बेटांचं हलत नाही. मेक्सिकोतलं कोझुमेल २०१५ पासून एकाच वेळेवर स्थिर आहे, म्हणून हिवाळ्यात मायामीबरोबर आणि उन्हाळ्यात एक तास मागे. ऑस्ट्रेलियात सिडनीचं हलतं, ब्रिस्बेनचं नाही. इजिप्तने बंद केलेला घड्याळबदल २०२३ मध्ये पुन्हा सुरू केला. म्हणजे मागच्या वर्षीच्या टिपणावरही विसंबता येत नाही.

आणि ऱ्होड्ससारख्या ठिकाणी फोनचा आणखी एक खोडसाळपणा. बेटाच्या उत्तर टोकावरून तुर्की किनारा डोळ्यांना दिसतो, फोनलाही दिसतो. समोरचा टॉवर पकडला की आपोआप एक तास पुढे, परत इकडचा पकडला की मागे. अण्णांच्या फोनने त्या सकाळी धक्क्यावर दोनदा उडी मारली होती. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही; फोन जुना झालाय असं त्यांना वाटलं.

आता ऑफिसात

जानेवारीतली इथली गड्ड्याची यात्रा उरकल्यावर मी क्रूझच्या गिऱ्हाइकांसाठी नवा कागद बनवला. बंदर, तारीख, स्थानिक वेळ असे रकाने आधीही होते. आता एक वाढवलाय : 'परत चढण्याची वेळ, सोलापूरच्या घड्याळात'. हा रकाना मी भरत नाही. रोज सकाळी उतरण्यापूर्वी, बोटीवर उभं राहूनच, तो भरायचा आणि घरातल्या एका घड्याळाला मुंबई सोडल्यापासून हात लावायचा नाही, एवढी सूचना वर छापली आहे. एका गिऱ्हाइकाने विचारलं, आमच्याकडे सगळ्यांचीच घड्याळं फोनवाली आहेत, मग? फोनमध्ये दुसऱ्या शहराची वेळ लावता येते, कोलकाता निवडा, ती भारताचीच असते आणि जगात कुठेही गेलात तरी हलत नाही.

याच मार्गाची आणखी एक सहल माझ्याकडे आहे, सहा माणसांची, २७ मार्चपासून. २९ मार्च २०२६ हा मार्चचा शेवटचा रविवार. या वेळी सगळं उलट : आधीचे दिवस ग्रीस आणि तुर्कस्तानात तासाचा फरक, रविवारनंतर नाही, आणि रात्र एक तासाने लहान. बोटीची वेळ कुठली असेल आणि कुठल्या रात्री बदलेल, हे मी कंपनीला लेखी विचारलं. चार दिवसांनी उत्तर आलं : 'बोटीची वेळ बोटीवर कळवली जाईल.'

रकाना रिकामाच ठेवलाय. कागदाबरोबर एक बॉलपेन देणार आहे.